सातवं खोकं

“हे फुलायचं खोकं हाये का माणूस न्यायचं?” जनाआत्यानं विचारलं.

प्रश्नात खोट नव्हती, वेळेत होती. देवाजी सोनकुसऱ्यांना जाऊन महिना झाला होता. लकडगंजातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या पहिल्या मासिक श्राद्धाच्या वड्यांसाठी उडदाची डाळ वाटणं चाललं होतं. आणि खाली कारखान्यात, ज्या टेबलावर चाळीस वर्षं मिठाईचे लालपिवळे डबे नि साड्यांची खोकी तयार झाली, तिथं गुडघ्याएवढ्या उंचीचं एक काळंकुळीत खोकं उभं होतं. त्याच्यावर ना गणपती, ना झेंडूची नक्षी, ना ‘शुद्ध तुपातील’. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘इव्हारा’ एवढंच छापलेलं. ते वाचायला आत्यानं चष्मा लावला, आणि वाचून झाल्यावर चष्मा लावल्याचं तिला वाईट वाटलं.

“ते लोक महागाची फुलं पाठवतात, आत्या,” देवाजींची मुलगी धनश्री म्हणाली. “वाढदिवसाला, लग्नाला, कुणाला बाळ झालं की.”

“बाळ झाल्यावर काळं?”

“काळ्यावर फूल उठून दिसतं.”

“काळ्यावर धूळ बी उठून दिसते. हे पाय.” आत्यानं झाकणावरून बोट ओढलं. पांढुरकी रेघ उमटली.

धनश्रीनं ती मऊ कापडानं पुसली. सकाळपासून तिनं किती रेघा पुसल्या याचा हिशेब नव्हता. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या खोक्याला बोट लावून बघत होता, नवीन सुनेच्या साडीचा पोत बघावा तसा.

आत्या पहाटेच्या एसटीनं खाप्याहून आली होती. एका हातात कैऱ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पंचांग. देवाजींची ती थोरली बहीण. खाप्यात त्यांच्या वडलांचे माग होते. माग बसले, तेव्हा देवाजी नागपुरात येऊन साडी विणायच्या ऐवजी साडीची खोकी करू लागले. आत्यानं ते भावाला कधी माफ केलं नाही आणि त्याची खोकी मात्र सगळ्या गावात फुकट वाटली.

“अन् तुले वाटते, या काळ्या डब्यानं कारखाना वाचते?”

“आज बारा वाजता कळेल,” धनश्री म्हणाली.

आज कळायलाच हवं होतं. तेरवीच्या दिवशी, पत्रावळी उचलायच्या आत तिच्या भावानं, अंकुशनं, विषय काढला होता. धाकटा असून त्याला घरात मोठ्यासारखं बोलायची सवय होती, कारण धनश्री पंधरा वर्षं पुण्यात साबणाची वेष्टनं आणि बिस्किटांचे पुडे रेखाटत बसली होती. बाबा गेले, आता खोकी कोण करणार, त्यानं विचारलं. जागा जिमवाला मागतोय. पुठ्ठा कापायचं मशीन घ्यायला आनंदराव तयार आहेत. त्यावर धनश्री म्हणाली, बाबांनी आजारी पडण्याआधी इव्हाराशी बोलणं केलंय, मी नमुना करते. अंकुश म्हणाला, कधीपर्यंत? ती म्हणाली, मासिकापर्यंत. मासिकापर्यंत त्यांचा होकार आला नाही, तर मशीन ने. जनाआत्या साक्षीला होती. चार घरचे सोयरे होते. शब्द पक्का झाला.

त्या शब्दानुसार आज संध्याकाळी पाच वाजता आनंदराव टेम्पो घेऊन येणार होते.

तेव्हापासून सहा खोकी झाली. पहिल्याचं झाकण उघडेना. दुसऱ्याचं आपोआप उघडे. तिसरं पाहून गोविंदाकाका म्हणाला, “हे तं विजेच्या मीटरचं दिसून राहिलं.” गोविंदाकाका देवाजींच्या हाताखाली अठ्ठावीस वर्षं होता आणि खोट्या स्तुतीचा त्याला सराव नव्हता. सहावं सगळ्यात देखणं होतं. ते धनश्रीनं पुण्याहून मागवलेल्या भारीतल्या चिकटवणानं जोडलं आणि गच्चीवर ठेवून बघितलं. नागपूरचा एप्रिल होता. अर्ध्या तासात काळा कागद कडेनं उचलला आणि तळलेल्या पापडासारखा वळला.

“बाई, पुण्याचं ऊन वेगळं असते,” गोविंदाकाका तेवढंच म्हणाला, आणि चुलीवर खळ चढवली.

खळ म्हणजे कणकेची चिकट पेज. आजोबा तीच मागावरच्या सुताला लावत, देवाजींनी ती पुठ्ठ्याला लावली. सातवं खोकं खळीनं जोडलेलं होतं. त्याला तारेची एकही पिन नव्हती, प्लास्टिकचा एकही तुकडा नव्हता. आत मधोमध भोकाभोकांची पुठ्ठ्याची चाळण होती, तीत देठ रोवायचे, म्हणजे फुलं उभी राहतात. बाजूंना हवेला बारीक छिद्रं.

पिन का नको, हे धनश्रीनं कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना नेलं त्या सकाळी व्यापारी मंडळाकडून मोठा हार आला होता, पॉलिथीनच्या पिशवीत, तोंडाला तीन पिना मारून. पिशवी चरचर वाजत होती आणि सगळे थांबले होते. तिनं पिना नखांनी उपटल्या. तिसरी बोटात गेली. चाळीस वर्षं खोकी करणाऱ्या माणसाची फुलं भाजीच्या पिशवीत आली, एवढंच तिच्या मनात आलं होतं. रडू नंतरही आलं नाही. बोट मात्र आठवडाभर दुखलं.

“धनू,” आई जिन्यावरून खाली आली. पदराला हात पुसत तिनं खोक्याकडे बघितलं. महिनाभरात शोभाताईंनी कारखान्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध एक शब्द काढला नव्हता. अंकुश तिला आपल्या पक्षात धरत होता, धनश्री आपल्या. “वर कढईजवळ जरा उभी राहतं का? माह्यानं वाफ सोसवत नाही. मी बसते इथं.”

धनश्री वर गेली. परत आली तर आई नव्हती, आत्या खोक्यापाशी एकटीच होती आणि फार निष्पाप दिसत होती. मग गोविंदाकाकानं तिला गल्लीच्या तोंडाशी पाठवलं, इव्हाराच्या मॅडमची गाडी चुकायची म्हणून. ती ऊन खाऊन आली, तर अंकुश मनीषनगरहून पोचलेला. टेपनं दाराची रुंदी मोजत होता.

“मशीन निघेल ना यातून, तेवढं पाहत होतो,” तो म्हणाला. टेप घाईनं गुंडाळताना त्याचं बोट सापडलं.

“बाराला अजून वीस मिनिटं आहेत.”

“मी काही म्हटलं का? ताई, तुले काय वाटते, मले हौस आहे? दिवाळीच्या सुट्टीत पोरं फटाके फोडत अन् मी इथं डबे चिकटवत बसे. खळीनं बोटांची सालं निघत. शाळेत सगळे म्हणत, हा डबेवाला.” त्यानं खोक्याकडे बघितलं. “हे चांगलं झालं पण. मीटरसारखं नाही वाटत.”

वरून आत्याचा आवाज आला, “शोभा, साखरेचा डबा कुठं ठेवला वं? खिरीले पायजे.”

डबा जिन्याच्या चौथ्या पायरीवर सापडला. तो तिथं कसा आला, याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

बाराला पाच कमी असताना रोशनी मॅडम आल्या. पस्तिशीची बाई, पायात साध्या चपला, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली फुलं. तिनं खोकं उचललं, कानापाशी नेऊन झाकण उघडलं नि लावलं. हवा सुस्कारली.

“आवाज छान आहे,” ती म्हणाली. जनाआत्यानं कपाळाला हात लावला.

रोशनीनं चाळणीच्या भोकांतून चार लिली, सहा गुलाब आणि निशिगंधाच्या काड्या रोवल्या. झाकण लावलं. “आता गच्चीवर. एक तास. माझी फुलांची गाडी उन्हात सिग्नलवर उभी असते तेव्हा तुमचं डिझाइन कुणी विचारत नाही.”

गच्चीवर बेचाळीस अंश होते. खोकं पाण्याच्या टाकीशेजारी उन्हात ठेवून सगळे खाली आले.

“एक तास काय करता?” आत्या रोशनीला म्हणाली. “पान वाढलं हाये. बसा.”

“नाही नाही, तुमच्या घरचं कार्य आहे…”

“मासिकाले आलेलं माणूस उपाशी जात नसते. देवाले चालायचं नाही. देवा म्हणजे माहा भाऊ. वरचा नाही.”

रोशनी बसली. कावळ्यानं घास लगेच उचलला होता. बाबांना आयुष्यात एवढी घाई कधी नव्हती, असं अंकुश म्हणाला आणि आई महिन्यात पहिल्यांदा हसली. मग सगळ्यांनाच बोलायला जागा झाली. गोविंदाकाकानं देवाजींची गोष्ट सांगितली, एका हलवायानं डबे ढिले म्हणून परत केले तर देवाजी त्याच्या दुकानात जाऊन एका डब्यावर उभे राहिले होते. रोशनीनं तिसरा वडा नको म्हणताना चौथा घेतला. धनश्रीनं तोच घास दोनदा कालवला. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

एक वाजून दहा मिनिटांनी सगळी वरात गच्चीवर गेली.

खोकं जसंच्या तसं उभं होतं. कागद कुठंही उचललेला नव्हता. मागावरून उतरलेल्या साडीवरून आजोबा फिरवत तसा गोविंदाकाकानं कडेवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. रोशनीनं झाकण काढलं.

लिली ताठ उभ्या होत्या. गुलाबांची एकही पाकळी कोमेजलेली नव्हती. निशिगंधाचा वास गच्चीभर झाला.

आणि लिलीच्या पांढऱ्या तोंडातून एक मुंगी बाहेर आली. तिच्यामागून दुसरी. तिच्यामागून, कुणी मोजायच्या आत, सगळं गणगोत.

“अगं आई,” रोशनी मागे सरकली. एक मुंगी तिच्या मनगटावर होती. “हे पॅकेजिंगमध्ये येतं का?”

धनश्रीनं गुडघे टेकून चाळण बाहेर ओढली. काळ्या तळाच्या चार कोपऱ्यांत साखरेच्या चार ढिगल्या होत्या. चिमूट-चिमूट. प्रत्येक ढिगलीभोवती काळ्या कागदावर बोटांचे पांढरे ठसे. ठसे पाहायची गरज नव्हती. चाळणीचा एकच कोपरा उचलून, खाली न बघता, हात आत घालून साखर ठेवायची, हे काम घराबाहेरच्या माणसाला सुचलंच नसतं.

सोनकुसऱ्यांच्या घरातून रिकामी वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती जात नव्हती. आजोबा मागावरून उतरलेल्या साडीच्या पहिल्या घडीत चार दाणे साखर ठेवत. देवाजी नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या डब्यात चिमूटभर. रिकामं दिलं तर रिकामंच परत येतं, असं काही ते म्हणत नसत. नुसती ठेवत. मिठाईच्या डब्यात ती कुणाला दिसतही नसे.

“म्या एक ठेवली,” आत्या म्हणाली. “देवाची आठवण म्हणून. एकच.”

“माही एक,” आई म्हणाली. तिनं नणंदेकडे बघितलं नाही. “मले काय माहीत बाईंनं ठेवली.”

गोविंदाकाकानं कान धरला. “मालक असते तं त्यायनं ठेवली असती. मंग मीच…”

तीन झाल्या. चौथ्या कोपऱ्याकडे सगळ्यांनी बघितलं, मग धनश्रीकडे.

“मी नाही,” ती म्हणाली. “फुलांच्या खोक्यात साखर घालायला मी वेडी आहे का?”

अंकुश मोबाइलमध्ये बघत होता. मोबाइल बंद होता.

“अंकुश?”

“चहाची सांडली असन.”

“कोपऱ्यात? चाळणीखाली?”

“हो बावा, ठेवली!” तो एकदम ओरडला, जणू चोरी पकडली गेली. “दार मोजायले आलो अन् हे खोकं दिसलं. हात गेला. आता काय फाशी देता? माह्या हातानं शंभर डब्यांत ठेवलेली आहे मी, लहानपणी. सवय असते.”

ज्याला संध्याकाळी मशीन विकायचं होतं, त्यानं सकाळी नमुन्याला साखर घातली होती. आत्याला वेगळाच उलगडा झाला. “तरी म्हटलं, डबा पायरीवर काहून.”

रोशनीनं मनगटावरची मुंगी फुंकरीनं उडवली आणि छिद्रांपाशी वाकली. “या आत गेल्या कुठून?”

“हवेच्या छिद्रांतून,” धनश्री म्हणाली. आवाज कोरडा होता.

“म्हणजे हवा जाते.” रोशनी उभी राहिली. “खोकं मला आवडलं. पण मी हा डबा कुणाच्या बाळाच्या पाळण्याशेजारी पाठवू शकत नाही. आणि आतला काळा कागद ठसे धरतो, तो बदला. उद्या अकरापर्यंत दुसरं द्या, दोनचं माझं विमान आहे. नाही जमलं तर मला दुसरीकडे जावं लागेल.”

ती गेली. गच्चीवर सोनकुसरे आणि मुंग्या उरल्या.

“उद्या,” अंकुश म्हणाला. टाकीच्या सावलीत तो उकिडवा बसला होता. “शब्द आजचा होता. मासिकापर्यंत. आनंदराव टेम्पो काढून राहिले असतील. चार घरच्या लोकांसमोर बोललो मी. आता फिरलो तं म्हणतील, बाप गेला अन् पोरगा एका महिन्यात पलटला.”

धनश्रीनं चाळणीवरच्या मुंग्या झटकल्या. शब्द तिचाही होता. तारीख तिनंच घातली होती, आणि मुदत मागून घेणं तिला कधी जमलं नव्हतं, डॉक्टरांकडेसुद्धा.

आत्यानं पंचांग उघडलं. चष्मा लावला. एक पान मागे गेली, एक पुढे आली. मग चष्मा काढून ठेवला.

“मासिक उद्या हाये,” ती म्हणाली.

“काय?”

“देवा गेला दशमीले. आज नवमीच हाये दिवसभर. दशमी उद्या. चुकलं माहं.”

आई तिच्याकडे बघतच राहिली. जनाबाई पंचांगात चुकते, हे उभ्या खाप्यात कुणी मानलं नसतं. लोक लग्नाच्या तारखा तिला विचारून जात. आजवर तिनं स्वतःची चूक एकदाच कबूल केली होती आणि तीही नवऱ्याच्या निवडीची.

“बाई, पण कावळ्यानं घास नेला,” आई हळूच म्हणाली.

“कावळ्याले कुठं तिथी समजते? दिसला वडा, नेला.”

“म्हणजे उद्या पुन्हा वडे?” अंकुश उठून उभा राहिला होता.

“पुन्हा. शोभा, डाळ भिजव.”

अंकुशनं मोबाइल चालू केला. जिना उतरता उतरता त्याचा आवाज ऐकू आला, खूप मोठा आणि खूप दुःखी, “आनंदराव, आज मशीन हलवता येत नाही गा. आमचं मासिक उद्या आहे. हो ना, पंचांगाची गडबड…”

धनश्री आत्याजवळ जाऊन उभी राहिली. पंचांग आत्याच्या मांडीवर उघडं होतं. आजच्या चौकटीत दशमी होती. स्पष्ट, लाल शाईत.

आत्यानं ते मिटलं. “पायतं काय? कागद काप जाय.”

आठवं खोकं दिवसाउजेडीच उभं राहिलं. आतून सायीच्या रंगाचा कागद. सकाळी फक्त झाकणाची कड बसवायची उरली. धनश्रीनं सगळ्यांना एकेक करून बोलावून बजावलं. साखरेचा डबा तिनं कपाटात टाकून कुलूप लावलं. चहा गुळाचा झाला आणि आत्या त्याबद्दल दोनदा बोलली. तरी कुणी खोक्याजवळ फिरकलं नाही. अंकुश टेबलापासून दहा पावलांवर हात मागे बांधून उभा होता, देवळातल्यासारखा.

पावणेअकराला वर वड्यांचा घाणा पडला आणि सगळे तिकडे गेले. धनश्रीनं एकदा नीट तपासायचं म्हणून चाळण उचलली. आत स्वच्छ होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. चारही कोपरे मोकळे. ती बराच वेळ आत बघत राहिली.

रोशनी अकराला आली, तशी घाणा तसाच सोडून सगळे खाली उतरले. झाकण उघडलं, लावलं, छिद्रांवर हात धरला, कडा दाबल्या. “पहिले तीनशे वैशाखातल्या लग्नांना लागतील,” ती म्हणाली. “जमेल?”

“जमेल,” उत्तर अंकुशनं दिलं, कुणी विचारलं नसताना. मग धनश्रीकडे बघून, “म्हणजे, ताई म्हणते तसं.”

रोशनीनं शेवटची खात्री म्हणून चाळण बाहेर काढली आणि थांबली. तळाशी मधोमध काळ्या कागदाची एक इवलीशी पुडी होती. चारी बाजूंनी घडी घातलेली, खळीनं चिकटवलेली, वरून दोऱ्याची गाठ. मुंगीला शिरायला जागा नव्हती.

“हे पाय माहे हात,” जनाआत्या म्हणाली. हात पिठानं भरलेले होते. आईनं मान हलवली. गोविंदाकाकानं दोन्ही कान धरले.

“आईशप्पथ, मी नाही,” अंकुश म्हणाला. मग त्याला कपाटाची किल्ली दिसली. ती धनश्रीच्या मुठीतून बाहेर डोकावत होती.

“ताई?”

सगळे तिच्याकडे बघत होते. वरून वडे जळल्याचा वास येत होता आणि कुणी जागचं हललं नाही.

“रिकामं होतं,” धनश्री म्हणाली.